चौकोनांच्या सरासरीत हरवलेला सडा

पश्चिम घाटात खाण कोठे चालेल आणि कोठे नाही, हे नकाशावरून ठरवता येईल काय? डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने ऑगस्ट २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात या प्रश्नाला हात घातला आहे. घाटाचे सुमारे २,२०० चौकोन पाडले. प्रत्येकाची बाजू साधारण ९ कि.मी. प्रदेशनिष्ठ वनस्पती, सस्तन प्राणी, जंगल, उंची, उतार अशा निकषांवर गुण देऊन त्यांची सरासरी काढली. त्यावरून संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या ठरल्या. पहिल्या पायरीत नव्या खाणींना परवानगी नको, अशी शिफारस आहे. गुण कसे दिले हे उघडपणे मांडले, हे आम्हाला या अहवालाचे मोठे बळ वाटते. आक्षेप घेता येतात ते त्यामुळेच.

सरासरी काय लपवते, हे शिक्षकांना सांगायला नको. कोकणातला जांभ्याचा सडा घ्या. सपाट, वृक्षहीन, उन्हाळ्यात करपलेला. पावसाळ्यात मात्र सीतेच्या आसवांनी निळाजांभळा झालेला. समजा त्याला उताराचा १, जंगलाचा १, उंचीचे ४ आणि प्रदेशनिष्ठ वनस्पतींचे १० गुण मिळाले. सरासरी ४. सर्वत्र आढळणाऱ्या झाडांचा एखादा तीव्र उतार ७, ७, ६, ४ मिळवून ६ वर जातो. सडा नापास! आणि बॉक्साइट सापडते ते नेमके अशा जांभ्यात.

शिवाय चौकोन ८१ चौ. कि.मी.चा. १०० हेक्टरांची खाण म्हणजे त्यातला एक चौ. कि.मी.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड. गोव्यातील लोहखनिजाच्या अनेक खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्या. तेथे पाणी उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी खालावतात. मातीचा गाळ ओढ्यांतून शेतात उतरतो. हा परिणाम चौकोनाची रेघ पाळत नाही. तज्ज्ञगटाने हे ओळखले होते. अंतिम सीमा पाणलोट व गावशिवार पाहून, ग्रामसभांना विचारून ठरवाव्यात, असे त्यानेच म्हटले. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ मध्ये २४ मीटर बारकाव्याची उपग्रहचित्रे वापरली आणि गाव हे एकक धरले. चित्र रेखीव झाले खरे; पण झरा फेब्रुवारीत वाहतो की आटतो, हे त्यात दिसत नाही.

शाळा मध्यभागी ठेवून स्थलदर्शक नकाशावर असा एक चौकोन आखून पाहावा. मग त्यातल्या विहिरींना पाणी कोणत्या डोंगरावरून येते, हे गावातल्या जाणत्यांना विचारावे. काही डोंगर बहुधा रेघेबाहेर निघतील.