मतपेटी, मतदारयादी आणि प्रेक्षक : निवडणूकविषयक प्रदर्शनाच्या मांडणीची चिकित्सा

निवडणूक ही वस्तुसंग्रहालयात मांडण्यास अवघड अशी बाब आहे. नाणे वा शिलालेख स्वतःच प्रदर्शनाचा विषय असतो. मत मात्र अदृश्य असते आणि ते तसे राहणे हीच गुप्त मतदानाची अट आहे. त्यामुळे मांडणीकार मताऐवजी मतदानाची साधने मांडतो. पोलादी मतपेटी, शाईची बाटली आणि शेवटी मतदान यंत्र हा अशा प्रदर्शनांचा रूढ क्रम होय. या क्रमात साधनांची प्रगती दिसते, निवडणुकीचे नियम दिसत नाहीत. ही उणीव किरकोळ नाही, हे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवरून स्पष्ट होते.

त्या निवडणुकीतील मतपेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. काचेच्या कपाटात अशी एकच पेटी ठेवली की प्रेक्षक तिला आजच्या अर्थाने मतपेटी समजतो. वस्तुतः तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव वा चिन्ह नसे. ती कोणत्या पेटीत पडली यावरून मत ठरत असे. म्हणजेच एकटी पेटी हा अर्धवट पुरावा आहे. पेट्यांची रांग आणि तिच्यापुढचा आडोसा मांडला, तरच पद्धतीचा बोध होतो.

याच निवडणुकीत मुंबई शहर उत्तर मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पराभव होऊन राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. प्रदर्शनाच्या फलकावर ही घटना एका ओळीत उरकता येते. परंतु हा मतदारसंघ द्विसदस्यीय होता, हे सांगितल्याशिवाय ती ओळ निरर्थक ठरते. प्रत्येक मतदारास दोन मते होती. ती दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. दिल्यास एकच मोजले जाई, दुसरे बाद होई. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ मध्ये रद्द झाल्याने आजच्या विद्यार्थ्यास हा अनुभव नाही. प्रेक्षकाच्या हाती दोन मतपत्रिका देऊन त्याला पेट्यांच्या रांगेपुढे उभे केले, तर दुसरी पत्रिका कोठे टाकावी या क्षणी तो थबकेल. हे थबकणे कोणत्याही फलकापेक्षा अधिक शिकवणारे आहे. प्रात्यक्षिकासाठी ठेवलेल्या यंत्राचे बटण दाबून असे काही घडत नाही. मतमोजणीबाबतही तेच. काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते व ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. हे अंतर कसे पडते, ते रंगीत मण्यांनीही दाखवता येईल.

सर्वांत अवघड प्रश्न मतदारयादीचा आहे. अनेक स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी वा तमक्याची कन्या अशी ओळख दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी अमान्य केल्या आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळली गेली. या निर्णयाचे समर्थन करता येते, कारण स्वतःच्या नावाने नागरिक होणे हा मताधिकाराचा गाभा आहे. तथापि त्याची किंमत मोजली ती त्याच स्त्रियांनी. प्रदर्शनाने निवाडा देऊ नये. दोन्ही बाजू प्रेक्षकापुढे ठेवाव्यात. येथे एक मोह टाळावा लागेल : जुन्या यादीचे पान म्हणून कल्पित नावे छापणे. अस्सल पान उपलब्ध नसेल, तर रिकाम्या ओळींचे पान पुरेसे आहे, आणि तो नमुना असल्याचे स्पष्ट लिहावे.

यादीचे हे दालन मतपेटीच्या आधी यावयास हवे. पेटीपर्यंत कोण पोहोचले, हे पेटी सांगू शकत नाही. आणि पेटी मात्र दिसायला देखणी असल्यामुळे मांडणीकार तिलाच दर्शनी ठेवतो.