कटकट नेमकी कोणती?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला गेली काही वर्षे येतो आहे. पवनचक्की, ज्वालामुखी आणि ठिबक सिंचनाच्या प्रतिकृती तिथे आजही असतात. पण त्यांच्या शेजारी आता एखादा संगणक मांडलेला असतो आणि त्यावर विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम चालू असतो. संगणक वापरताना रोज होणारी एखादी लहानशी कटकट दूर करणे हा त्याचा उद्देश. ही मुले मोठे काही करू पाहत नाहीत, हाताशी असलेली अडचण सोडवू पाहतात. म्हणून हा प्रकार मला आवडतो. तरीही त्याची थोडी चिकित्सा करणे आवश्यक वाटते. याचे कारण असे, की अशाच एका प्रदर्शनात मी स्वतः चुकीचा निकाल दिला.

त्या दिवशी दोन प्रोग्रॅम शेजारीशेजारी होते. पहिला संगणकाची मेमरी 'साफ' करणारा. पडद्यावर मोटारीच्या वेगमापकासारखी तबकडी होती. बटण दाबले की काटा लाल भागातून हिरव्या भागात येई आणि 'इतकी मेमरी मोकळी झाली' असा आकडा झळके. दुसरा प्रोग्रॅम अकरावीतल्या एका मुलीचा होता. त्यात नुसत्या दोन चौकटी होत्या. डावीकडे जुन्या मराठी टंकातला मजकूर टाकायचा, उजवीकडे तो आजच्या युनिकोडमध्ये मिळायचा. तिची आई शिक्षिका. आईने पंधरा वर्षे तयार केलेल्या टिपणे आणि प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारख्या दिसू लागल्या होत्या. मी तिला विचारले, "असे प्रोग्रॅम तर आधीपासून आहेत. यात नवीन काय?" ती म्हणाली, "आहेत सर, पण त्यांत रफार चुकतात." मी मान हलवली आणि पुढे गेलो. पहिला क्रमांक तबकडीला दिला.

घरी आल्यावर ते मेमरीचे साधन मी माझ्या संगणकावर चालवून पाहिले. हातात घड्याळ घेतले. आधी काही फाइली आणि ब्राउझर उघडा ठेवून एका खिडकीतून दुसरीत जायला किती वेळ लागतो ते मोजले. मग 'साफसफाई' करून तेच पुन्हा मोजले. साफसफाईनंतर वेळ वाढला होता!

असे का व्हावे? मोकळी मेमरी म्हणजे वेगवान संगणक, अशी आपली समजूत असते. आजच्या संगणकाची कार्यप्रणाली मात्र रिकामी मेमरी वाया जाऊ देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइलींचा मजकूर ती तिथे ठेवते, म्हणजे पुन्हा लागल्यास तो डिस्कवरून आणावा लागत नाही. दुसऱ्या कामाला जागा लागली, तर ती तत्काळ रिकामी करूनही देते. 'साफ' करणारा प्रोग्रॅम ही मांडणी जबरदस्तीने मोडतो. चालू प्रोग्रॅमच्या हाताशी असलेला मजकूर बाजूला सारला जातो, मोकळ्या जागेचा आकडा वाढतो, आणि पुढच्याच क्षणी तो मजकूर लागला की परत आणण्याचे काम वाढते. टेबलावरच्या उघड्या वह्या दर पाच मिनिटांनी कपाटात ठेवल्या, तर टेबल स्वच्छ दिसेल. पण वह्या तपासून होणार नाहीत.

विद्यार्थ्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. ही भुरळ मोठ्यांनाही पडलेली आहे. १९९५ साली अमेरिकेत 'सॉफ्टरॅम ९५' नावाचा प्रोग्रॅम मेमरी दुप्पट करण्याच्या दाव्यावर लाखोंच्या संख्येने विकला गेला. जाणकारांनी तो उलगडून पाहिला, तेव्हा दावा केलेले काम तो करतच नसल्याचे आढळले. १९९६ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने उत्पादकांविरुद्ध कारवाई केली. तिथेही आकडा बदललेला दिसत होता, काम मात्र झालेले नव्हते.

आता त्या मुलीच्या प्रोग्रॅमकडे वळू. जुन्या मराठी टंकांची युक्ती साधी होती. संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती. म्हणून रोमन अक्षरांसाठी असलेल्या संकेतांकांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवली जात. पडद्यावर 'क' दिसे, पण फाइलमध्ये साठवला जाई भलत्याच चिन्हाचा अंक. शिवाय प्रत्येक टंकाची वाटणी वेगळी. तो टंक नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की चित्रांचा पडदा दूर होऊन खालची रोमन अक्षरे उघडी पडत. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. 'क'ला स्वतःचा संकेतांक मिळाला, मग टंक कोणताही असो. विंडोज २००० मध्ये 'मंगल' या टंकासह ही सोय सामान्य वापरकर्त्यापर्यंत आली. तरीही आपल्याकडे जुने टंक त्यानंतर कितीतरी वर्षे वापरात राहिले.

मग एका अंकाच्या जागी दुसरा अंक ठेवला की झाले, असे वाटेल. तसे होत नाही. 'वार्षिक' हा शब्द घ्या. जुन्या टंकात तो साधारणपणे दिसतो त्या क्रमाने साठवला जातो: वा, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ष, मग वरचा रफार, मग क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: वा, र्, ष, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी 'ष'च्या मागे न्यायची आणि रफार त्याच 'ष'च्या पुढे आणायचा. 'स्थिती'मध्ये वेलांटीला अर्धा 'स' आणि 'थ' या दोघांवरूनही उडी मारावी लागते. मराठीची आणखी एक खोच आहे. 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला आणि 'आचार्याला' म्हणजे गुरूला. जो प्रोग्रॅम या दोन 'र'कारांत फरक करत नाही, तो स्वयंपाक्याला थेट गुरुपदावर बसवतो! "रफार चुकतात" या दोन शब्दांत त्या मुलीने हे सगळे सांगितले होते. ऐकायला मी कमी पडलो.

तिच्या प्रोग्रॅममध्ये त्रुटी नव्हत्या असे नाही. मजकुराच्या मध्ये इंग्रजी शब्द आला, तर त्याचेही तो निरर्थक मराठी करून टाकी. संकेतांक तेच असल्यामुळे नुसता मजकूर पाहून 'हे इंग्रजी' असे ओळखणे अवघड आहे. कोणत्या शब्दाला कोणता टंक दिला होता ही नोंद मूळ फाइलमध्ये असते. चौकटीत मजकूर चिकटवताना ती गळून पडते. म्हणून चौकटीऐवजी मूळ फाइलच वाचणे हा पुढचा टप्पा ठरला असता. परीक्षकाने त्या दिवशी तिला सांगायला हवे होते ते हे.

या अनुभवातून मी स्वतःसाठी तीन प्रश्न तयार केले आहेत.

पहिला प्रश्न : कटकट खरी आहे का, आणि ती दूर झाली हे मोजता येते का? आकडा प्रोग्रॅमने दाखवलेला नसावा, बाहेरून घेतलेला असावा. घड्याळ, चुकांची संख्या, वाचलेल्या कळदाबण्या असे काहीही चालेल. प्रयोगशाळेत आपण मुलांना तुलनेसाठी एक नळी तशीच ठेवायला शिकवतो. तोच नियम येथेही लागू आहे.

दुसरा प्रश्न : याला प्रोग्रॅम हवा, की सवय? उत्तरपत्रिकांच्या फाइली तारखेनुसार लावणारे साधन मी एकदा पाहिले. पण फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला, उदाहरणार्थ २०२४-०३-०७, तर नावानुसार लावलेली यादी आपोआप तारखेनुसार लागते. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरोखर अंतिम' अशी नावे देणाऱ्याला मात्र कोणताही प्रोग्रॅम वाचवू शकणार नाही.

तिसरा प्रश्न : साधन चुकले तर काय बिघडेल? 'कॉपी' केलेल्या अनेक गोष्टी लक्षात ठेवणारे साधन मुले हमखास करतात. कल्पना उत्तम आहे. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कट, कॉपी, पेस्ट' ही पद्धत घडवली. पुढे सामान्य संगणकांत ती एकाच जागेची राहिली. नवे आले की जुने गेले. पण सगळे लक्षात ठेवणारे साधन कॉपी केलेला पासवर्डही लक्षात ठेवते, आणि शाळेतला संगणक तर दहाजण वापरतात. फाइलींची नावे एकदम बदलणाऱ्या साधनातही आधी नमुना दाखवण्याची आणि बदल उलटवण्याची सोय हवीच.

'यात नवीन काय?' हा प्रश्न मी या यादीतून मुद्दाम वगळला आहे. अनेक कॉपी लक्षात ठेवणारी साधने इतरांनी वर्षानुवर्षे बनवली आणि त्यानंतर २०१८ मध्ये ती सोय विंडोजमध्येच आली. १९८४च्या मॅकिन्टॉशमध्ये गणकयंत्र, गजराचे घड्याळ, टिपणवही अशी छोटी साधने होती, कारण त्यावर एका वेळी एकच मोठा प्रोग्रॅम चालत असे. पुढे अनेक प्रोग्रॅम एकत्र चालू लागले आणि अशा खास व्यवस्थेची गरज उरली नाही. छोटे साधन म्हणजे मूळ यंत्रणेवर केलेली नेमकी टीका असते. टीका नेमकी असेल, तर ती दुसऱ्यांदा किंवा दहाव्यांदा केली म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. मुलांना लगेच प्रोग्रॅम लिहायला बसवू नका. आधी आठवडाभर एक वही द्या. शाळेच्या कार्यालयात, ग्रंथालयात, घरी, संगणकापुढे बसलेला माणूस कुठे अडतो, कितीदा अडतो आणि त्यावर काय उपाय करतो, हे त्यांनी नुसते पाहून लिहावे. बहुतेक नोंदी क्षुल्लक निघतील. दोन-तीन मात्र अशा निघतील, की कोणाची तरी पंधरा वर्षांची टिपणे त्यांवर अवलंबून असतील.

निकाल लागून गेला होता. तो बदलणे माझ्या हातात नव्हते. मी त्या मुलीच्या शाळेला पत्र लिहून माझी चूक कळवली आणि इंग्रजी शब्दांचा मुद्दाही लिहिला. महिन्याभराने उत्तर आले. पत्र युनिकोडमध्ये होते आणि सोबत तिच्या आईची एक जुनी प्रश्नपत्रिका होती. मी ती पेन्सिल घेऊन तपासली. रफार सगळे जागेवर होते. इंग्रजी शब्द दोन ठिकाणी अजून चुकत होते, आणि त्यांभोवती तिने स्वतःच गोल केले होते.