रेडिंगचा तुरुंग : काइनाची खूण आणि हाबेलाचे रक्त

ऑस्कर वाइल्ड यांचे 'द बॅलड ऑफ रेडिंग जेल' हे दीर्घ कथागीत १३ फेब्रुवारी १८९८ रोजी लंडन येथे प्रसिद्ध झाले. पुस्तकावर कवीचे नाव नव्हते. त्या जागी 'सी. ३. ३.' एवढेच छापले होते. तुरुंगाचा 'सी' विभाग, तिसरा मजला, तिसरी कोठडी, असा त्याचा अर्थ. ज्या माणसाची नाटके लंडनच्या रंगभूमीवर गाजत होती त्याची ओळख तुरुंगाने एका अक्षरावर आणि दोन आकड्यांवर आणून ठेवली होती, आणि सुटकेनंतर त्याने तीच ओळख जगापुढे ठेवली.

या काव्याचा अभ्यास इंग्रजी वाङ्मयाचे विद्यार्थी करतात. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते का वाचावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या काव्यातील सर्वांत कठोर आरोप न्यायाधीशावर नाही किंवा फाशी देणाऱ्या जल्लादावरही नाही. तो तुरुंगातील धर्मोपदेशकावर आहे, म्हणजे पर्यायाने आपणांवर आहे. तो आरोप आम्हांस मान्य आहे. मात्र आरोप करणाऱ्याच्या करुणेतही एक मोठी उणीव आहे, असे आमचे मत आहे. या दोन्ही गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या वास्तूविषयी. रेडिंग हे बर्कशर परगण्यातील गाव. तेथील जुन्या बेनेडिक्टाइन मठाच्या अवशेषांस लागून हा तुरुंग १८४४ मध्ये उभा राहिला. याच मठाचे शेवटचे मठाधिपती ह्यू फॅरिंग्डन यांना आठव्या हेन्री राजाने १५३९ मध्ये रेडिंग येथेच फाशी दिले होते. तुरुंगाचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट आणि विल्यम मॉफट या वास्तुशिल्पकारांचा. स्कॉट यांनी पुढे अनेक चर्चमंदिरांच्या उभारणीत व जीर्णोद्धारात नाव मिळविले. रेडिंगच्या तुरुंगाची रचना क्रुसाच्या आकाराची आहे. हा आकार भक्तीपोटी निवडलेला नसून मध्यभागी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यास सर्व दालने दिसावीत या सोयीसाठी निवडला होता. क्रुसाची आकृती तेवढी घ्यावी आणि अर्थ बाहेर ठेवावा, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगाप्रमाणे येथेही 'पृथक कारावासा'ची पद्धत होती. प्रत्येक कैद्यास वेगळी कोठडी. कैद्याने कैद्याशी बोलावयाचे नाही, त्याचे तोंडही पाहावयाचे नाही. एकांतात मनुष्य आपल्या पापाचे चिंतन करील आणि पश्चात्तापास प्रवृत्त होईल, हा त्यामागील विचार. तो कोणा नास्तिकाने नव्हे, तर श्रद्धावंत ख्रिस्ती सुधारकांनी पुरस्कारिला होता. रेडिंगचे आरंभीचे धर्मोपदेशक रेव्हरंड जॉन फील्ड हे या पद्धतीचे कट्टर समर्थक होते. त्यांनी तिच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला, आणि थोर तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड यांचे चरित्रही लिहिले. त्यांच्या काळी रेडिंगचे कैदी श्रमाऐवजी शास्त्रवचने पाठ करीत बसत. लोकांनी गावाच्या नावातील वाचनाच्या अर्थावर कोटी करून या तुरुंगाची थट्टाही केली.

फील्ड यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु पश्चात्ताप हा दोन व्यक्तींमधील व्यवहार आहे. उधळ्या पुत्राला पिता भेटला म्हणून त्याच्या परतण्याला अर्थ आला. ज्या कोठडीत माणसाला माणसाचे तोंडच दिसू द्यावयाचे नाही तेथे पाठ केलेले वचन जिभेवर राहते, अंतःकरणात उतरण्याची वाट त्याला सापडत नाही.

या तुरुंगातील पहिली फाशी १८४५ मधील. त्या काळी शिक्षा जाहीरपणे, लोकांच्या गर्दीसमोर दिली जाई. १८६८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही जाहीर फाशी बंद झाली आणि वधस्तंभ तुरुंगाच्या भिंतीआड गेला. भिंतीबाहेरच्या लोकांना आता फक्त घंटा ऐकू येई आणि काळे निशाण दिसे. हा बदल सुधारणा म्हणून गौरविला गेला, आणि गर्दीचा बीभत्सपणा संपला हे खरेच. परंतु दृश्य गेले तसा समाजाच्या मनावरील भारही गेला. आता त्या मृत्यूचे साक्षीदार मोजकेच उरले : अधिकारी, डॉक्टर, जल्लाद आणि धर्मोपदेशक.

वाइल्ड नोव्हेंबर १८९५ मध्ये रेडिंगला आले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या १८८५ च्या कायद्याखाली त्यांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती. त्याच कायद्याखाली शिक्षा झालेल्यांना ब्रिटिश संसदेने २०१७ मध्ये मरणोत्तर माफी दिली. ते तेथे असतानाच ७ जुलै १८९६ रोजी सकाळी आठ वाजता चार्ल्स थॉमस वुलड्रिज या घोडदळातील शिपायास फाशी देण्यात आले. त्याचे वय तीस वर्षांचे. त्याने मार्च महिन्यात विंडसरजवळ आपली पत्नी लॉरा एलन हिचा वस्तऱ्याने गळा चिरून खून केला होता. ती तेवीस वर्षांची होती. खुनानंतर त्याने स्वतःच पोलिसाच्या स्वाधीन होऊन गुन्हा कबूल केला. काव्य लिहिले गेले ते सुटकेनंतर, फ्रान्स व इटलीतील वास्तव्यात, आणि या शिपायाच्या स्मृतीस ते अर्पण केले आहे.

काव्याची सहा प्रकरणे आणि एकशे नऊ कडवी आहेत. चाल लोकगीताची, शब्द साधे. वाइल्ड यांच्या पूर्वीच्या लेखनात दिसणारी चमकदार वाक्चातुरी येथे बहुतेक गळून पडली आहे. फाशीच्या आदल्या रात्रीचे वर्णन या काव्याचा कळस होय. ज्याला मरावयाचे आहे तो शांत झोपला आहे, आणि ज्यांनी कधी प्रार्थना केली नाही असे कैदी आपापल्या कोठडीत गुडघे टेकून त्याच्यासाठी जागत आहेत. पहारेकरी दारातून डोकावतात आणि चकित होतात. गेथशेमाने बागेतील रात्र येथे उलटी झाली आहे. तेथे प्रभू जागा होता आणि शिष्य झोपले होते. येथे दोषी झोपला आहे आणि टाकून दिलेली माणसे जागी आहेत. कवी हे साम्य बोलून दाखवीत नाही, यात त्याचा संयम दिसतो.

या पार्श्वभूमीवर धर्मोपदेशकाचे चित्र येते. तुरुंगाधिकाऱ्यास नियमांची काळजी, डॉक्टरास मृत्यू ही केवळ शास्त्रीय घटना, आणि धर्मोपदेशक दिवसातून दोनदा येऊन एक छोटी धर्मपत्रिका ठेवून जातो. त्याला क्रूर किंवा दुष्ट म्हटलेले नाही. तो आपले काम करीत आहे, आणि हाच आरोपाचा गाभा आहे. तीन अधिकाऱ्यांच्या यादीत तो तिसरा अधिकारी झाला आहे. पुढे, कळीचा चुना टाकलेल्या खड्ड्यात देह पुरल्यावर, धर्मोपदेशक त्या कबरेपाशी प्रार्थना करीत नाही आणि तिच्यावर क्रूसही उभारीत नाही. कवीचे म्हणणे असे की, ज्यांच्यासाठी ख्रिस्त आला त्यांपैकीच हा एक होता.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये फाशीच्या वेळी धर्मोपदेशक कैद्याच्या पुढे चालत दफनविधीतील वचने मोठ्याने वाचीत असे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. पुनरुत्थानाची जी वचने मृताच्या आप्तांना आशा देण्यासाठी आहेत, ती चालत्याबोलत्या माणसास ऐकविली जात, आणि देह पडल्यावर कबर मात्र क्रुसावाचून राही. जिवंतास मृताचा विधी, आणि मृतास काहीच नाही! विधी आपल्या जागेवरून हलवून राज्यसत्तेच्या वेळापत्रकात बसविला की त्याचे असे होते. वाइल्ड यांचा आरोप अतिशयोक्तीचा आहे असे म्हणून ख्रिस्तसभेला सुटता येणार नाही.

कवीच्या ख्रिस्तदर्शनातही येथे प्रगती दिसते. १८९७ च्या आरंभी रेडिंगमध्येच त्यांनी जे दीर्घ पत्र लिहिले, आणि ज्याचा काही भाग १९०५ मध्ये 'दे प्रोफुंदिस' या नावाने प्रसिद्ध झाला, त्यात ख्रिस्त हा मुख्यतः थोर कलावंत म्हणून येतो. ते चित्र मोहक आहे, पण त्यात वाइल्ड यांना आपलेच प्रतिबिंब दिसत असावे अशी शंका येते. कथागीतातील ख्रिस्त वेगळा आहे. तो वधस्तंभावरील चोराला सुखलोकाचे वचन देणारा आहे (लूक २३). कुष्ठरोगी शिमोनाच्या घरात फुटलेल्या अलाबास्त्र कुपीचा सुगंध (मार्क १४) येथे भंगलेल्या मानवी हृदयाशी जोडला आहे. ती प्रतिमा आमच्या मते कोणत्याही उपदेशकास हेवा वाटावा इतकी सार्थ आहे.

आता उणिवेकडे वळू. आपल्या काव्यात वास्तव व अद्भुत, कविता व प्रचार अशी ओढाताण आहे, हे वाइल्ड स्वतः जाणून होते. वुलड्रिजचे पथक निळा गणवेश घालीत असे. कवीने रक्ताशी रंग जुळावा म्हणून तो लाल मानला. एवढे स्वातंत्र्य कवीस द्यावयास हरकत नाही. परंतु खून रस्त्यात घराजवळ झाला होता, तो कवीने शय्येवर नेला. त्यामुळे उघड्या रस्त्यावर कापली गेलेली एक तरुण स्त्री प्रेमाच्या शोकनाट्यातील पात्र बनली. याहून गंभीर गोष्ट काव्याच्या प्रसिद्ध ध्रुपदाची. प्रत्येक मनुष्य आपल्या प्रिय वस्तूचा घात करतो, असा त्याचा आशय. 'वस्तू' हाच शब्द तेथे आहे. लॉरा एलनचे नाव काव्यात नाही. तिच्याविषयी दयेचा एक शब्द येतो आणि काव्य पुढे निघून जाते.

यीट्स यांनी १९३६ मध्ये आपल्या काव्यसंग्रहात हे काव्य घेतले तेव्हा ते अडतीस कडव्यांवर आणले आणि ही प्रसिद्ध वचने गाळली. त्यांना ती कृत्रिम वाटली. आमचा आक्षेप निराळा आहे. सर्वच घातकी आहेत असे म्हटले की कोणीच विशेष घातकी राहत नाही. कठोर शब्दाने किंवा भ्याडपणाने प्रेम मारणे आणि वस्तऱ्याने गळा कापणे यांत अंतर आहे, आणि जिचा गळा कापला गेला तिला ते अंतर ठाऊक होते. आपण सर्व पापी आहोत हे सत्य न्यायनिवाडा करणाऱ्याचा गर्व उतरविण्यासाठी आहे. बळी पडलेल्याचे दुःख पुसण्यासाठी नाही.

काव्यात काइनाची कथा दोनदा सूचित होते : एकदा मानवाने भावाचा जीव घेतल्याच्या उल्लेखात, आणि अखेरीस त्याचा रक्ताचा डाग ख्रिस्ताची शुभ्र मुद्रा होतो या कल्पनेत. हाबेलाचे नाव कोठेही नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात मात्र दोन्ही गोष्टी एकमेकींस लागून आहेत. प्रथम परमेश्वर भूमीतून ओरडणारे हाबेलाचे रक्त ऐकतो आणि काइनाला जाब विचारतो. त्यानंतर तोच परमेश्वर काइनाला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो. रेडिंगच्या अधिकाऱ्यांनी पहिली गोष्ट ऐकली आणि दुसरी झिडकारली. वाइल्ड यांनी दुसरी ऐकली आणि पहिलीकडे पाठ फिरविली. शास्त्र दोन्ही एकाच मुखातून वदविते.

यावर कोणी म्हणेल की, फाशी हाच हाबेलाचा आवाज ऐकण्याचा मार्ग होय. आम्हांस तसे वाटत नाही. ७ जुलैच्या सकाळी लॉरा एलनला काही परत मिळाले नाही. चुन्याच्या खड्ड्यात आणखी एक देह पडला, एवढेच. इब्री लोकांस पत्रात येशूचे रक्त हाबेलाच्या रक्तापेक्षा उत्तम बोलते असे म्हटले आहे (१२:२४). उत्तम बोलते, म्हणजे त्याचा आवाज दाबून टाकते असे नव्हे. क्षमेला खऱ्या अपराधाचे नाव घ्यावेच लागते.

रेडिंग येथील शेवटची फाशी १९१३ मधील. ब्रिटनने खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये स्थगित केली आणि १९६९ मध्ये कायमची उठविली. रेडिंगचा तुरुंगही २०१३ मध्ये बंद झाला. परंतु इंग्रजी अमदानीबरोबर आलेली गळफासाची शिक्षा आपल्या देशाच्या कायद्यात आजही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणांपुरती मर्यादित केली, एवढेच. बेळगावजवळचा हिंडलगा किंवा पुण्याचा येरवडा तुरुंग आमच्या वाचकांस अपरिचित नाही. या सेमिनरीतून बाहेर पडणाऱ्या काही जणांना अशा तुरुंगांतील माणसांच्या भेटीस जावे लागेल.

त्यांच्यासाठी हे काव्य आम्ही सुचवितो. धर्मपत्रिका ठेवून परत फिरणारा तो तिसरा अधिकारी आपण होऊ नये, हे वाइल्ड त्यांना शिकवतील. त्याच प्रवासात, ज्या घरातील माणूस मारला गेला त्या घराचे दारही ठोठावले पाहिजे. हे मात्र वाइल्ड यांच्यापाशी शिकता येणार नाही. त्यासाठी उत्पत्तीचा चौथा अध्याय पूर्ण वाचावा लागेल.