कलाक्षेत्र, उद्यान आणि गावठाण : काळा घोडा ते कुरुळी

नगराच्या मध्यभागी कला आणि हिरवळ यांना एकत्र नांदविणारे एखादे सार्वजनिक क्षेत्र असावे, ही कल्पना महाराष्ट्रातील नगररचनेच्या परिभाषेत आता चांगलीच रुळली आहे. परंतु तीतील ‘मध्यभाग’ हा शब्द ज्या सहजतेने उच्चारला जातो, त्या सहजतेने तो प्रत्यक्षात सापडत नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात तर मध्यभाग म्हणून कशाकडे बोट दाखवावे, हाच मूळ प्रश्न आहे. या कल्पनेचे परीक्षण करावयाचे, तर तिचा महाराष्ट्रातील सर्वांत यशस्वी नमुना प्रथम पाहिला पाहिजे आणि मग तो नमुना जेथे लागू पडत नाही, अशा एखाद्या ठिकाणी तो ताडून पाहिला पाहिजे. पहिले ठिकाण मुंबईतील काळा घोडा. दुसरे, खेड तालुक्यातील कुरुळी.

काळा घोडा हे कलाक्षेत्र कोणी आखले नाही. १८६० नंतरच्या दशकात बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि त्या जागी रुंद रस्ते व मोकळी मैदाने निर्माण झाली. रॅम्पार्ट रो या रस्त्याच्या नावात त्या भिंतींची आठवण टिकून राहिली. मोकळ्या झालेल्या भूमीवर पुढील शतकभरात एकेक संस्था येऊन वसली. वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार उभारलेले वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांस खुले झाले. १९४९ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले, १९५२ साली जहांगीर कलादालन उघडले, आणि १९९६ साली कावसजी जहांगीर सभागृहाच्या वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आली. या सर्वांना एका नावाखाली आणणारी काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली १९९८ साली, आणि तिचा महोत्सव सुरू झाला त्याच्या पुढील वर्षी. म्हणजे भूमी आधी मोकळी झाली, त्यानंतर संस्था आल्या, आणि नाव व उत्सव सर्वांच्या शेवटी. आजचे आराखडे हा क्रम नेमका उलटा धरतात. त्यांत नाव प्रथम ठरते, उद्घाटनाचा समारंभ त्यानंतर, आणि संस्थांची वाट पाहत वास्तू उभ्या राहतात.

खुद्द नावाची कथाही उद्बोधक आहे. अल्बर्ट ससून यांनी दिलेला व बोएम या शिल्पकाराने घडविलेला युवराज एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली येथे बसविण्यात आला. लोकांनी स्वाराला बाजूस सारून घोड्याचे नाव जागेला दिले. १९६५ साली पुतळा हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेण्यात आला. नाव मात्र हलले नाही. २०१७ साली तेथे स्वाराविना नवा घोडा उभा करण्यात आला, तेव्हा अर्धशतकापूर्वीच लोकांनी दिलेल्या निर्णयावर जणू शिल्पाचे शिक्कामोर्तब झाले. सार्वजनिक जागेची मालकी कागदोपत्री कोणाचीही असो, तिचा अर्थ ठरविण्याचा अधिकार तेथून नित्य जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे असतो, याचे याहून चांगले उदाहरण मराठी मुलखात क्वचितच सापडेल.

तरीही काळा घोड्याच्या यशाकडे जरा सावधपणे पाहिले पाहिजे. नऊ दिवसांच्या महोत्सवात रस्ता वाहनांस बंद होतो, प्रवेश विनामूल्य असतो आणि गर्दी लोटते. दहाव्या दिवशी मोटारी परततात. उरलेल्या वर्षात कलाक्षेत्राचा खरा भार वाहतात त्या दोनच गोष्टी : जहांगीर कलादालनातील भिंत मिळावी म्हणून कित्येक वर्षे प्रतीक्षायादीत नाव लावून बसलेला चित्रकार, आणि त्याच दालनाबाहेरील पदपथावर चित्रे मांडणारा त्याचा व्यवसायबंधू. महोत्सवाची छायाचित्रे सर्वत्र छापली जातात. नकल करणारी शहरे ती छायाचित्रे पाहून निर्णय घेतात. प्रतीक्षायादीचे छायाचित्र निघत नाही.

पुण्यात याच्याशी तुलना करता येईल असे स्थळ म्हणजे जंगली महाराज रस्त्यावरील संभाजी उद्यान व त्यालगतचे बालगंधर्व रंगमंदिर. १९६८ साली खुल्या झालेल्या या रंगमंदिराच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांचे मार्गदर्शन होते. नाटक, कलादालन, उद्यान आणि नदी ही चारही अंगे येथे चालत जाता येईल इतकी जवळ आहेत. परंतु याच उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये रात्री उखडून मुठेत टाकण्यात आला. संस्कृतीचे क्षेत्र म्हणून आखलेली जागा संस्कृतीविषयीच्या भांडणाचेही क्षेत्र असते, हे आराखडे करणाऱ्यांनी गृहीत धरलेले दिसत नाही.

पिंपरी-चिंचवडची गोष्ट वेगळी. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९७० साली नगरपालिका, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ साली महानगरपालिका : या क्रमाने हे नगर घडले. येथे कारखान्याभोवती वसाहत झाली आणि वसाहतींच्या बेरजेला शहर म्हटले गेले. कलेसाठी या शहराने खर्च केला नाही, असे मुळीच म्हणता येणार नाही. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह, निगडीचे भक्ती-शक्ती समूहशिल्प, दुर्गादेवी टेकडीवरील उद्यान अशी ही मोठी यादी आहे. परंतु टेकडीवरून उतरून नाटकाला पायी जाण्याची सोय या यादीत कोठेही नाही. २०१६ साली येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे नाट्यसंमेलन. दोन्ही वेळी मांडव उठल्यावर मागे काय राहिले, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

याहून लहान भासणारी, परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट वेळापत्रकाची आहे. या पट्ट्यातील बहुसंख्य कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. वीजपुरवठ्याचा भार विभागण्याच्या व्यवस्थेतून ती प्रथा पडली. नाटकांचे प्रयोग मात्र शनिवार-रविवारकडे डोळे लावून ठरतात. उद्याने सकाळ-संध्याकाळ उघडी आणि दुपारी बंद, तर रात्रपाळीचा कामगार मोकळा असतो तो नेमका दुपारी. ज्या शहराचे घड्याळ तीन पाळ्यांचे आहे, तेथील सांस्कृतिक जीवन कचेरीच्या घड्याळावर चालावे, ही विसंगती कोणत्याही शिल्पाने वा कारंज्याने भरून निघणारी नाही.

कुरुळीस येताना हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पुणे-नाशिक महामार्गाने मोशीपुढे इंद्रायणी ओलांडली की चिंबळी लागते, त्यानंतर कुरुळी आणि पुढे चाकण. इंद्रायणीच्या वरच्या अंगास तुकोबांचे देहू, खालच्या अंगास ज्ञानदेवांची आळंदी. या दोहोंमधील हा मुलूख भजन-कीर्तनाच्या परंपरेत वाढलेला आहे. गेल्या दोन-तीन दशकांत त्याच्याभोवती मोटारनिर्मितीचे मोठे केंद्र उभे राहिले. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे चाकण भागातील कारखाने २००९ साली सुरू झाले, आणि पूरक उद्योगांनी मधल्या जागा व्यापल्या. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेला कामगार गावकऱ्यांनी बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांत राहू लागला. अशा गावाला ‘नगरकेंद्र’ कोठून आणावे? महामार्ग ही येथील सर्वांत मोठी सार्वजनिक जागा आहे, आणि तीत उभे राहणे धोक्याचे आहे.

परंतु येथे कलेसाठी राखलेली मोकळी भूमी कधीच नव्हती, असे समजणे ही अभ्यासाची मोठी उणीव ठरेल. या भागातील गावोगावी ती होती व काही ठिकाणी अद्याप आहे. तिला कलाक्षेत्र म्हणत नाहीत, यात्रेचे मैदान म्हणतात. याच महामार्गावर उत्तरेस नारायणगाव आहे. यात्रांच्या हंगामापूर्वी ढोलकी-फडांच्या तमाशांच्या राहुट्या तेथे लागतात, गावोगावचे यात्राकमिटीचे लोक येऊन फडमालकाशी बोलणी करतात आणि सुपारी देऊन तारीख ठरवितात. पैसा गावाच्या वर्गणीतून उभा राहतो, म्हणून खेळ सर्वांस खुला असतो. सार्वजनिक निधी, कलावंताची निवड, मोकळी जागा आणि विनामूल्य प्रवेश : कलाक्षेत्राच्या आधुनिक व्याख्येतील सारे घटक या व्यवहारात आहेत. त्यालाच जोडून बैलगाड्याचा घाट. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली, आणि २०२३ साली राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. शर्यतींच्या गुणदोषांचा निवाडा हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु जमिनीचे भाव चढत असताना सात वर्षे वापराविना पडलेली मोकळी जागा किती असुरक्षित असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. यात्रेचे मैदान सर्वांचे होते, पण सर्वांना सारखे नव्हते. वर्गणीच्या यादीत ज्याचे नाव नाही, तो तेथे पाहुणा असतो. आणि आजच्या कुरुळीसारख्या गावात भाड्याच्या खोलीत राहणारे अनेक जण अशा पाहुण्यांतच मोडतात. तमाशाच्या तंबूत स्त्री रंगमंचावर असे, प्रेक्षकांत क्वचितच. याउलट शहरी उद्यानाचा एक मोठा गुण असा की, तेथे कोणी कोणास गाव विचारीत नाही. संध्याकाळी लेकराला घेऊन बाकावर बसलेल्या परप्रांतीय कामगाराच्या पत्नीला जे स्वातंत्र्य उद्यान देते, ते पार किंवा चावडी देत नाही. ‘चव्हाटा’ हा सार्वजनिक चौकाचा मराठी शब्द. तो भाषेत बहुधा अब्रूच्या संदर्भातच वापरला जातो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

अमेरिकेतील डॅलस शहराचा अनुभव येथे उपयोगी पडावा. तेथे कलाक्षेत्र ठरवून आखले गेले. १९८४ साली संग्रहालयाची नवी वास्तू खुली झाली. परंतु लगतच्या द्रुतगती मार्गाने क्षेत्र शेजारच्या वस्तीपासून तोडलेले होते. २०१२ साली त्या खोल मार्गावर छत घालून वर सुमारे पाच एकरांचे उद्यान करण्यात आले, आणि मग माणसे पायी येऊ लागली. कुरुळीच्या महामार्गावर छत घालता येणार नाही; परंतु तो पायी ओलांडण्याची सोय हाही सांस्कृतिक खर्चाचाच भाग आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

राहता राहिला कायद्याचा भाग, आणि खरी अडचण तेथेच आहे. औद्योगिक क्षेत्राचा आराखडा महामंडळ करते, भोवतालच्या प्रदेशाचे नियोजन २०१५ साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आणि गावठाणाचा नित्य कारभार ग्रामपंचायतीकडे. महामंडळाच्या आराखड्यात मोकळे भूखंड असतात, पण ते गावासाठी नसतात; गावाची मोकळी जागा असते, पण तिला आराखड्यात नाव नसते. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये उद्यानासाठी आरक्षण ठेवता येते. मात्र त्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालक सूचना देऊ शकतो, आणि विहित मुदतीत पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. जेथे जमिनीचा भाव कारखाने ठरवितात, तेथे दहा वर्षे हा फार मोठा काळ आहे. त्यामानाने गायरान व यात्रेची जागा ही संपादनाची वाट न पाहता जपता येण्याजोगी आहे, कारण ती मुळातच सार्वजनिक आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा जो आदेश राज्यांना दिला, त्याचा उपयोग महाराष्ट्रात आजवर मुख्यत्वे अतिक्रमणांच्या याद्या करण्यापुरता झाला. त्याच आधारावर अशा जागांची मोजणी करून, त्यांची नोंद सातबाऱ्यावर व विकास-आराखड्यात ‘यात्रामैदान’ या नावानेच घेता येईल. त्यांच्या कडेला झाडे, दिवे व स्वच्छतागृहे उभारता येतील. आणि वर्षातील पंधरा दिवस यात्रेस राखून उरलेले दिवस, गुरुवार धरून, तेथे राहणाऱ्या सर्वांसाठी ती खुली ठेवता येतील. वर्गणीच्या यादीत खोल्यांत राहणाऱ्या कामगारांची नावे घ्यावयाची की नाही, हे मात्र कोणत्याही प्राधिकरणास ठरविता येणार नाही. ते यात्राकमिटीलाच ठरवावे लागेल.