टिळकांची ख्रिस्ती भजने : धीराचे स्वरूप

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या ख्रिस्ती पद्यरचनेचा विचार बहुधा दोन अंगांनी होतो : तीत धर्ममत कोणते, आणि तिच्यावर वारकरी संतांचे ऋण किती. ही पद्ये गाण्यासाठी रचलेली आहेत, ही गोष्ट नोंदविली जाते व तेथेच सोडून दिली जाते. वस्तुतः या रचनेतून श्रद्धावंताला लाभणाऱ्या धीराचे मूळ तिच्या गेयतेतच शोधावे लागते.

मिशनच्या उपासनेत परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते पुष्कळ म्हटली जात. इंग्रजी चालीत जोराचा ठेका आघातयुक्त अक्षरावर पडतो. मराठी पद्यात आघाताला तसे स्थान नाही. परिणामी ठेका एखाद्या विभक्तिप्रत्ययावर आदळतो, ऱ्हस्वाचे दीर्घ होते आणि अर्थाचा शब्द निसटतो. गाणारा चाल सांभाळण्यातच गुंततो. अभंगाची गोष्ट निराळी. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण झाले की चौथा चार अक्षरांवर थांबतो. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या यमकाने कान भरलेला असताना हा आखूड चरण येतो व तेथे उसंत मिळते. ध्रुवपद टाळकरी उचलतात. एकट्याचे आर्जव समुदायाचे होते.

हे केवळ छंदाचे सौकर्य नव्हे. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा पतिपत्नींचा दुरावा लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितलाच आहे. घर, आप्त, ज्ञाती यांना पारखे झालेल्या मनुष्याजवळ बालपणी कानी पडलेली लय तेवढी उरते. त्या लयीत नवे नाम घेता येते, हाच धीर. त्याचे प्रतिपादन करावे लागत नाही.

चित्रकलेत असाच प्रयत्न आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी केला. मूळच्या गोव्याच्या व पुढे पुण्यात राहिलेल्या या चित्रकाराने मरियेला साडी नेसविली, आणि गोव्यात त्यावर रोष ओढवून घेतला. चित्राचा निवाडा पाहताक्षणीच होऊन जातो. भजनाला वेळ लागतो; त्या वेळात साशंक मनुष्यही टाळी धरून बसतो. (टिळकांना झालेला विरोध त्यांच्या धर्मांतराला होता, चालींना नव्हे.)

तथापि टिळकांची सर्वच भजने या कसोटीस उतरत नाहीत. धर्मसिद्धांत पद्यात बसवायचा असला की लय यांत्रिक होते. दुसरा दोष अधिक खोल आहे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानीत. पण त्या सेतूवरील देवाशी भांडणाचा टप्पा त्यांनी फार त्वरेने ओलांडला. तुकारामाची शरणागती कित्येकदा तक्रारीच्या अंती येते, टिळकांची पुष्कळदा आरंभीच. अशा भजनांत धीर मागण्यापूर्वीच मिळालेला दिसतो, आणि ज्याला तो अद्याप मिळालेला नाही त्या गाणाऱ्यास तेथे उभे राहण्यास जागा अपुरी पडते.