मल्टिमीटरचा आकडा आणि आपला पाठ

साधा अंकीय मल्टिमीटर आज बहुतेक शाळांना परवडतो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तो शिकवण्याची रूढ पद्धत मात्र अपुरी आहे. बटण ओहमवर फिरवा, टोके लावा, आकडा लिहा. आवाज आला तर तार ठीक, नाही आला तर तुटलेली. एवढ्यावर पाठ संपतो.

ही पद्धत पहिल्याच चौकस प्रश्नापुढे टिकत नाही. 230 व्होल्ट, 100 वॅटचा तंतूचा दिवा घ्या. गणिताने त्याचा रोध 529 ओहम येतो. मल्टिमीटर मात्र सुमारे 40 ओहम दाखवतो. ‘सर, खरे कोणते?’ असे मुलांनी विचारले, की मीटरला दोष देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. वास्तविक दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मीटर आपल्या बॅटरीतून अगदी थोडी धारा सोडतो व त्यामुळे निर्माण होणाऱ्या विभवांतरावरून रोध ठरवतो. एवढ्याशा धारेने तंतू तापत नाही. पेटलेल्या दिव्यात तोच तंतू सुमारे 2500 अंश सेल्सिअसला असतो आणि टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो.

‘मीटर स्वतः धारा सोडतो’ हे आधी समजले, तर पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. जोडणीत बाहेरची वीज असेल तर मोजमाप चुकेल, मीटर जळेल, अपघातही होईल. म्हणून प्लग काढूनच मोजायचे. धारेला दुसरी वाट असेल तर आकडा कमी येईल. म्हणून रोधकाचे एक टोक सोडवायचे. धातूची दोन्ही टोके बोटांत धरली, तर आपले शरीरही अशी वाट होते.

आवाजावरचा विश्वास तर अधिक धोक्याचा. अनेक मीटर 30 ते 50 ओहमच्या खाली रोध गेला की वाजतात. वायरीतील सगळ्या तारा तुटून एकच उरली, तरी मीटर वाजेलच. पण 2000 वॅटच्या शेगडीची सुमारे 8.7 अँपिअर धारा त्या एका तारेतून गेली, तर ती तापून आवरण जळू शकते. आवाज फक्त वाट आहे एवढेच सांगतो; ती किती भार सोसेल हे सांगत नाही.

तेव्हा पुढच्या तासाला आकड्याआधी एक प्रश्न विचारावा : हा रोध मोजताना धारा कोण सोडते, आणि किती?