फोटो काढता येतो, दर सांगता येत नाही

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे शहरातच स्टुडिओ थाटला आणि भारतातल्या सुरुवातीच्या व्यावसायिक छायाचित्रकारांत त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. वर्गातून बाहेर पडलेल्याने या कलेवर पोट कसे भरायचे, हा प्रश्न या देशात छायाचित्रणाच्या शिक्षणाइतकाच जुना आहे. संस्था वाढल्या, पदव्या आल्या, कॅमेरे बदलले. या प्रश्नाचे उत्तर मात्र विद्यार्थ्याने ज्याचे त्याने शोधावे, असाच बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे.

शिकण्याच्या जागांची आता वानवा नाही. मुंबईच्या सर ज. जी. (जे. जे.) उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण हा विशेष विषय म्हणून घेता येतो. पुण्यात भारती विद्यापीठाचे फोटोग्राफीचे स्वतंत्र विद्यालय आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) गांधीनगर आवारात ‘फोटोग्राफी डिझाइन’ची पदव्युत्तर पदवी मिळते, तर उटीजवळच्या लाइट अँड लाइफ अकॅडमीत मुख्यतः व्यावसायिक छायाचित्रणाचे धडे दिले जातात. अशा संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांत हिंडले की मुलांच्या हातात काय कसब आले आहे ते दिसते. प्रकाशाची जाण पक्की असते, रचना नेटकी असते, प्रिंटही मन लावून केलेले असतात. उणीव भासते ती पहिल्या क्लायंटचा फोन आल्यावर.

आधीच्या पिढ्यांचे हे शिक्षण नोकरीत होत असे. रघु राय शिकले स्थापत्य अभियांत्रिकी. छायाचित्रकार म्हणून घडले ते १९६० च्या दशकात ‘द स्टेट्समन’मध्ये. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर. ‘लिंटास’ या जाहिरातसंस्थेत त्यांनी काम केले आणि जाहिरातीचे जग आतून पाहिलेला हा माणूस पुढे चेहऱ्यांचा छायाचित्रकार म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. ज्येष्ठ छायाचित्रकार शेजारी, हिशेब पाहणारा विभाग वरच्या मजल्यावर आणि महिन्याच्या महिन्याला पगार, अशा वातावरणात चुका करायला उसंत मिळायची.

ती उसंत आता उरलेली नाही. मे २०१३ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ने आपला सगळा छायाचित्र विभाग एका फटक्यात बंद केला. कामावरून गेलेल्या २८ जणांत पुलित्झर मिळवलेले जॉन एच. व्हाइटही होते, आणि बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायचे प्रशिक्षण देण्यात आले. आपल्याकडे असा गाजावाजा झाला नाही, पण फोटो विभागातल्या खुर्च्या कमी होत गेल्या. आजचा पदवीधर पहिल्या दिवसापासून एकांडा व्यावसायिक असतो. विक्री, हिशेब, वसुली आणि वकिली, सगळे त्यालाच पाहावे लागते.

यातली वकिली सर्वात दुर्लक्षित. प्रताधिकार कायदा १९५७ मधले कलम १७ छायाचित्रकाराच्या पोटाशी थेट जोडलेले आहे, तरी ते न वाचताच अनेक जण पदवी घेऊन बाहेर पडतात. स्वतःहून काढलेल्या फोटोचा प्रताधिकार छायाचित्रकाराचा. मात्र कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि उलट करार केलेला नसला, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे लग्नाचे फोटो वधूवरांकडच्यांचे. करारात तशी ओळ नसेल, तर त्यातला आवडता फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकण्याचा हक्कही छायाचित्रकार गृहीत धरू शकत नाही. वृत्तपत्रातल्या नोकरदाराची गोष्ट वेगळी आहे. छापण्यासाठी काढलेल्या फोटोवर मालकाचा हक्क वृत्तपत्र-नियतकालिकातल्या प्रसिद्धीपुरता असतो. वेगळा करार नसेल तर बाकीचे हक्क फोटो काढणाऱ्याकडेच राहतात. कलम १९ प्रमाणे हक्क लिहून दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरता. एवढा मजकूर एका तासात शिकवून होतो, आणि तो माहीत नसल्यामुळे ‘ऑल राइट्स’ असे लिहिलेल्या कागदावर मुले डोळे मिटून सही करतात.

नाव आणि हक्क हाती नसले की काय होते, हे जे. जे.च्याच विद्यार्थिनी होमाई व्यारावाला यांच्या आयुष्यात दिसते. पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचा गौरव होतो, २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण उमेदवारीच्या काळात त्यांचे फोटो छापून येत ते पती माणेकशा यांच्या नावाने. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा ठेवला, त्यानंतर कित्येक वर्षे त्यांचे काम विस्मरणात राहिले. सबीना गडिहोक यांचे पुस्तक २००६ साली आले आणि पुढे व्यारावालांचा संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे गेला, तेव्हा त्यांचे काम पुन्हा एकत्रितपणे लोकांसमोर आले. निगेटिव्ह सांभाळणे, तारीख-ठिकाण-नावासह नोंद ठेवणे, फाइलमध्ये कॅप्शन भरणे ही कंटाळवाणी कामे वाटतात. भविष्यातले उत्पन्न आणि भविष्यातली ओळख दोन्ही याच कामांवर अवलंबून असतात.

आता दराकडे वळू. समजा, कोल्हापूरच्या एका मसाला उत्पादकाला ४० पाकिटांचे फोटो हवे आहेत. पाकीट चकचकीत, त्यावर सॉफ्टबॉक्सचे प्रतिबिंब उमटते. ती चमक बटर पेपरने किंवा डिफ्युजनने आटोक्यात कशी आणायची, हे विद्यार्थ्याला येते. कोटेशन मात्र तो एका ओळीत पाठवतो: फोटोमागे अमुक रुपये. त्यात तयारीचा दिवस नसतो, असिस्टंट नसतो, लाइटचे भाडे, कटआउट, रिटच, प्रवास काहीच नसते. दोनदा दुरुस्त्या करून दिल्यावर तिसऱ्यांदा मागितल्या तर त्याचे पैसे वेगळे, हे लिहिलेले नसते. मुख्य म्हणजे वापर कुठे आणि किती काळ, याचा उल्लेख नसतो. वर्षभर वेबसाइटवर दिसणारा फोटो आणि पाच वर्षे पाकिटावर छापून राज्यभर जाणारा फोटो यांचा दर एक कसा असेल?

दिवसाचा दर काढण्याचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. घरखर्च, कॅमेऱ्याचा हप्ता, विमा, सॉफ्टवेअर आणि प्रवास धरून वर्षाला सहा लाख रुपये लागत असतील आणि शूटचे दिवस शंभरच मिळत असतील, तर दिवसाला सहा हजार हा नुसता तग धरण्याचा दर झाला. नफा, नवी लेन्स आणि रिकामा महिना यांची तरतूद त्यात नाही. हा हिशेब मांडायला न शिकलेली मुले शेजारच्यापेक्षा हजार रुपये कमी सांगतात आणि दोघांचाही बाजार उतरवतात.

काम मिळाले तरी पैसे अडकतात. त्यावरचा उपायही कायद्यात आहे. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी विनामूल्य होते आणि सेवा देणाऱ्यांनाही ती करता येते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा व्यावसायिकाचे बिल ४५ दिवसांच्या आत चुकते करणे ग्राहक कंपनीवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापण्याची ही साधी गोष्ट शेवटच्या वर्षाच्या वर्गात सांगितली गेली, तर किती मुलांचे हेलपाटे वाचतील.

कला महाविद्यालयांना आणखी एका बाबतीत मन मोठे करावे लागेल. महाराष्ट्रात छायाचित्रकारांच्या मोठ्या वर्गाचे पोट लगीनसराईवर चालते. कँडिड, ट्रॅडिशनल, प्री-वेडिंग, अल्बम, सेकंड शूटर अशी त्या धंद्याची पक्की विभागणी आहे, इसाराचे आणि बाकीच्या रकमेचे संकेत आहेत, डेटा दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड न पुसण्याची शिस्त आहे. तिथे कायदाही पोचला आहे: २५० ग्रॅमहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर २०२१ च्या नियमांप्रमाणे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. बहुसंख्य पदवीधर ज्या कामावर उभे राहणार, ते काम हलके समजून अभ्यासक्रमाबाहेर ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

व्यवहार शिकवला तर कलावंत मरेल, अशी भीती काही शिक्षकांना वाटते. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. रॉबर्ट कापा, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आणि सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये ‘मॅग्नम’ ही छायाचित्रसंस्था काढली ती फोटोंचे हक्क मासिकांकडे न जाता छायाचित्रकाराकडे राहावेत म्हणून. त्या शतकातले किती तरी उत्तम काम या एका अटीवर उभे राहिले. पद्मश्री सुधारक ओलवे यांनी वृत्तछायाचित्रणाचा पेशा सांभाळूनच मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे चिकाटीने टिपले. दयानिता सिंग यांचे झाकीर हुसेन यांच्यावरचे पहिले पुस्तक (१९८६) एनआयडीतल्या विद्यार्थिदशेतल्या कामातून उभे राहिले. फोटो निवडणे, क्रम लावणे आणि पुस्तक लोकांपर्यंत पोचवणे ही त्यांची खासियत तिथून सुरू झाली. २०२२ साली त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

अधिक जवळचा धडा ढाक्यात आहे. शाहिदुल आलम यांनी १९८९ मध्ये ‘दृक’ ही छायाचित्रसंस्था काढली आणि १९९८ मध्ये तिच्या आधाराने ‘पाठशाला’. शिकवणी आणि पेढी शेजारीशेजारी असल्यामुळे फोटो विकला कसा जातो, परदेशी संपादक काय मागतो, संग्रह कसा लावतात, हे मुलांना रोज दिसत राहिले. २००० पासून ‘छोबी मेला’ महोत्सवामुळे जगभरचे छायाचित्रकार त्यांच्या दारात आले. राना प्लाझा दुर्घटनेतले ढिगाऱ्याखालचे मिठीतले दोन देह टिपणाऱ्या तस्लिमा अख्तर याच पाठशालेत शिकल्या.

पाठशालेसारखी रचना महाराष्ट्रात उभी करायला नव्या इमारतीची गरज नाही. जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० इंटर्नशिपला श्रेयांक देते. कृत्रिम बुद्धिमत्तेने पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या कॅटलॉग फोटोंचे काम आधीच खायला घेतले आहे, म्हणून घाईही आहे. शेवटच्या वर्षी एका सत्रभर प्रत्यक्ष छायाचित्रकाराच्या हाताखाली उमेदवारी असावी. अंतिम परीक्षेत वीस फोटोंच्या पोर्टफोलिओबरोबर एका खऱ्या कामाचे कोटेशन, हक्कांचा करार आणि नोंदींसह लावलेला संग्रह तपासला जावा, आणि तो तपासायला प्राध्यापकांच्या जोडीला एक जाहिरातसंस्थेचा आर्ट बायर, एक फोटो संपादक आणि दहा वर्षे लगीनसराई केलेला एक छायाचित्रकार बसावा. यासाठी लागणारी माणसे मुंबई-पुण्यात आहेत. त्यांना मानधन देऊन बोलावण्याची तरतूद येत्या शैक्षणिक वर्षाच्या अंदाजपत्रकात संस्थांनी करायला हवी.